नारळ मिळालेलं भाषण

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी भाषण मी आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावात, देवळामागच्या हॉलमध्ये केलं, आणि त्याचा उपयोग शून्य झाला. हॉल भरला होता. बायका पुढे चटईवर, पुरुष मागे बाकांवर. एक पोर रडलं नाही, मध्येच उठून कुणी गेलं नाही. शेवटी पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिने माझ्या हातात नारळ ठेवला, कपाळाला कुंकू लावलं आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत वाकून माझ्या पायाला हात लावला. तिच्या मागून आणखी काही बायका वाकल्या. मी तेव्हा तिशीचीही नव्हते. मला वाटलं, जिंकलं आपण.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी त्या गावच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होते. मराठी हा हौशीचा विषय. आईबापांनी नाव दिलं तर पोर माझ्या वर्गात, नाही तर हिंदीच्या. दर वर्षी माझी पोरं थोडी कमी व्हायची. मग एके दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. माणूस सज्जन, मराठीचा गंध नाही, माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलायचे. म्हणाले, नव्या वर्षासाठी पुरेशी नावं आली नाहीत तर वर्ग चालवता येणार नाही, उरलेली मुलं हिंदीत घालू. मी विचारलं, आणि मी? त्यांनी फक्त खांदे उडवले. मी कायम नव्हते, आणि दुसऱ्या कुठल्या शाळेला मराठीची मिस हवी होती असंही नाही. वर्ग गेला की मी घरी.

घरी म्हणजे क्वात्र बॉर्नला, बाबांसमोर.

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कारकून. ऑफिसात इंग्रजी, पेपर फ्रेंच, घरात बेटावरची फ्रेंचमिश्र बोली, क्रेओल. मराठी त्यांनी गणपतीच्या पितळी समईसारखी ठेवली होती, वर्षातून एकदा काढायची, पुसायची, आरती झाली की परत कपाटात. कळायचं सगळं. मी मराठीत विचारायचे, ते क्रेओलमध्ये उत्तर द्यायचे. त्यांनी माझ्याशी मराठीत एक सबंध वाक्य बोललेलं मला आठवत नाही. यात विशेष काही नव्हतं, आमच्यासारख्या निम्म्या घरांत हेच चालायचं.

त्यांनी मला एका ऑफिसात चिकटवायचं ठरवलं होतं. मी ती नोकरी लाथाडून शिष्यवृत्तीवर पुण्याला गेले, मराठी शिकायला. तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले होते, "पू फेर क्वा?" म्हणजे, कशाला? मी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायची गरज काय, असा तेव्हा माझा तोरा होता. आता वर्ग बंद होऊन मी घरी बसले असते तर ते "बघ, सांगितलं होतं" असं कधीच म्हणाले नसते. नुसती पेपरावरून एक भुवई वर केली असती, रोज सकाळी, जन्मभर. त्या भुवईची मला हेडमास्तरांपेक्षा जास्त भीती वाटत होती.

तर नावं हवी होती. नावं आईबाप देणार. म्हणून मी देवळाच्या सेक्रेटरींना गाठून सभा मागितली आणि भाषण लिहायला बसले.

इथे पुण्याचं थोडं सांगायला हवं. सत्तरच्या दशकात मी तिथल्या हॉस्टेलवर पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा खोलीतल्या मुली गडाबडा लोळायच्या बाकी राहिल्या. "अगं, तू तर अगदी आमच्या गावच्या पणजीसारखी बोलतेस!" त्यांना कौतुकच वाटत होतं म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुळात हट्टी. घासघासून बोलणं असं स्वच्छ केलं की परत आले तेव्हा लहानपणी आजीकडून उचललेला एक शब्द तोंडात शिल्लक नव्हता. त्या शुद्ध मराठीचा मला काय माज होता, विचारू नका!

भाषणाची सुरुवात "उपस्थित मान्यवर, माता-भगिनी आणि बंधूंनो" अशी होती. मग अस्मिता आली, वारसा आला, पूर्वजांनी सातासमुद्रापार जपलेला ठेवा आला. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून मी ते पाठ केलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे हात उचलायचा, सगळं ठरवलं. तीन तक्ते रंगवले, ते दाखवायला एक छडीही नेली. आणि भाषण खरंच फक्कड झालं. "मराठी अध्यापनाचं अस्तित्वच आज धोक्यात आलं आहे!" या वाक्याला मी आवाज असा लावला की मागच्या बाकावरच्या माणसांनीही माना डोलावल्या.

नारळ मांडीवर घेऊन मी बसने घरी आले. आईने त्याची चटणी केली. जेवताना मी हॉल कसा भरला, बायका पाया कशा पडल्या, ते रंगवून सांगितलं. बाबा चटणी खात ऐकत होते.

सोमवारी एकही नाव आलं नाही. मंगळवारी नाही. मला वाटलं, पाऊस आहे, लोक कामात आहेत, येतील. आठवडा गेला. शेवटी न राहवून मी वर्गातल्या एका मुलीला विचारलं. नारळवाल्या म्हातारीची ती नात, चुणचुणीत पोर.

"आजी काय म्हणाली गं भाषणाबद्दल?"

"मिस लई छान बोलली म्हणाली."

"आणि काय बोलली मिस?"

पोरीने विचार केला. "देवाचं बोलली म्हणाली."

देवाचं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याबरोबर तिडीकही गेली. तसली मराठी त्या गावात कोण बोलायचं? फक्त पुजारी. पुजारी बोलायला लागला की डोक्यावर पदर घ्यायचा, हात जोडायचे, पोरांना चिमटा काढून गप्प करायचं आणि बसायचं. कळलं पाहिजे असं काही नाही, बसल्याचं पुण्य लागतं. पूजा आटोपून घरी जाताना कुणी विचारतं का, की आता आपण नेमकं काय करायचं? त्यांनी मला पुजाऱ्याच्या जागी बसवलं होतं आणि पुजाऱ्याला देतात ते सगळं व्यवस्थित दिलं होतं. त्यांच्या बाजूने विषय संपला होता.

घरी येऊन मी आदळआपट केली. "गाढवापुढे वाचली गीता!" असं मी मोठ्याने म्हणाले, तर आई चुलीपासून म्हणाली, "कालचा गोंधळ बरा होता." म्हणीचा उरलेला अर्धा भाग आहे तो, मला माहीत होता, पण तिने ज्या सुरात म्हटला त्यावरून गाढव कोण ते काही स्पष्ट होईना. आणि बाबा हसले. चष्मा काढून, डोळे पुसून हसले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

दुसरी सभा मागायला मला सेक्रेटरींच्या किती विनवण्या कराव्या लागल्या ते जाऊ दे. त्यांचा प्रश्न रास्त होता, "एवढं छान झालं ना, मग परत कशाला?" शेवटी एक रविवारची दुपार मिळाली. नाव द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ही सभा वाया गेली की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी भाषण सोपं केलं. म्हणजे मला तसं वाटत होतं. अस्मिता काढली, वारसा ठेवला.

त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की बाबा आपण होऊन गाडीची किल्ली घेऊन उभे राहिले. तिथपर्यंतचा सगळा रस्ता आम्ही दोघं वायपरचा आवाज ऐकत गेलो.

हॉलच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी पुढे गेले, बाबा मागे पुरुषांच्या बाकावर बसले, हॅट मांडीवर. मी म्हटलं, "नमस्कार." आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या हॉलभर पदर वर गेले. हात जोडले गेले. एका आईने पोराला चिमटा काढला. पहिल्या रांगेत तीच म्हातारी, चेहऱ्यावर तीच शांती, आणि तिच्या मांडीवर, अरे देवा, नारळ! आधीच आणून ठेवलेला. माझं तोंड मात्र चालू होतं, पाठ केलेलं बाहेर पडत होतं. मी वारशापर्यंत पोचले होते. माना डोलू लागल्या होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मे, पू फेर क्वा?"

माझे बाबा. भर सभेत. पण कशाला?

मी दुर्लक्ष केलं. वारसा पुन्हा पहिल्यापासून धरला. ते उभे राहिले. त्यांचं ऑफिसातलं बोलणं होतं तसं सावकाश, क्रेओलमध्ये, ते म्हणाले, मला खरंच कळत नाही म्हणून विचारतो. इंग्रजीची परीक्षा आहे. फ्रेंचवर नोकरी मिळते. हिंदी आली तर टीव्हीवरचा सिनेमा तरी कळतो. मराठीचे मार्क मोठ्या परीक्षेत धरतसुद्धा नाहीत. माझी सगळी नोकरी झाली, कुणी एकदाही मला मराठीत काही विचारलं नाही. मग पोराने शिकायचं कशाला?

मागच्या बाकांवर हालचाल झाली. "मोसिए बरोबर बोलतोय," बाबांकडे मान करून एकजण म्हणाला. दुसऱ्याने हो म्हटलं. त्या हॉलमध्ये माझ्या भाषणावर कुणी काही बोलण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती अशी!

माझं डोकंच फिरलं. छडी टेबलावर आपटून मी ओरडले, "बाबा, गप बसा! घरात बी असंच करता तुमी, मानसाला बोलूच देत नाय!"

हे कुठून आलं? पुण्यात घासून काढलेलं ते सगळं आजीचं बोलणं, जसंच्या तसं, भर सभेत तोंडातून बाहेर पडलं. मी हबकले. पण पुढच्या रांगेत एक बाई फिसकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग हात सुटले, पदर खांद्यावर घसरले, कुणी मांडी बदलली, आणि सगळ्या मान वळवून आधी बाबांकडे, मग माझ्याकडे बघायला लागल्या, आता काय होतंय म्हणून.

म्हातारी तर सरळ उलटी फिरून बसली. "ओ मोसिए, पोरीला बोलू द्या की!" मग माझ्याकडे वळून, "तू बी सांग गो बाय. इचारलाय तर सांग. कशाला?"

माझ्याकडे तयार उत्तरं होती, तक्त्यांवर लिहिलेली होती. एकही आठवेना. जे आठवलं ते मी बोलून टाकलं. "मला नाय ठाव कशाला! नावं नाय आली तर वर्ग बंद व्हनार. वर्ग बंद झाला की मी घरी. आनी मग ह्यांच्या समोर बसायचं जनमभर!" आणि मी बाबांकडे बोट दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. लाजही वाटत होती.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"वर्ग बंद व्हतोय?" म्हातारीने विचारलं.

"मागल्या वेळी सांगितलं ना!"

"कवा सांगितलंस?"

अस्तित्व धोक्यात आल्याचं मी एवढा आवाज लावून सांगितलं होतं. ते एकीच्याही कानापलीकडे गेलं नव्हतं. त्या बायकांना माहीतच नव्हतं.

आणि मग हॉलचा बाजार झाला. एक म्हणाली, दप्तर आधीच जड आहे, आणखी पुस्तक कशाला? मी म्हटलं, पुस्तक शाळेत ठेवते. दुसरी म्हणाली, तुझा तास शेवटचा, पोराची बस चुकते. हे मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं! मी म्हटलं, हेडमास्तरांना विचारून तास आधी घेते. एकीने स्पष्ट सांगितलं, "माझ्या पोराला क्रेओलशिवाय काय येत नाय. तू काय शिकवनार त्याला?"

"आजीचं बोलनं कळतं का त्याला?"

"कळतं. बोलत नाय."

"मंग अर्धं काम झालंय," मी म्हटलं, आणि ती हसली. मागून बाबा अधूनमधून काडी टाकतच होते. ते काही बोलले की बायका त्यांच्यावर तुटून पडायच्या आणि माझं काम आपोआप व्हायचं. दहा वाक्यांत मी जे सांगायला गेले असते ते त्या एकमेकींना एका वाक्यात सांगत होत्या. तक्त्यांकडे कुणी बघितलं नाही. पाऊस थांबलेला मला कळलाही नाही.

उठताना म्हातारी म्हणाली, "आज बरा झाला. गोंधळात कसा, एक सांगनार, दुसरा मधी मधी येड्यावानी इचारनार. तसा कुनी नसला की झोप येते बग." आणि तिने पदराआडून नारळ काढला, मला ओलांडून मागे गेली आणि तो बाबांच्या हातात दिला. एका हातात हॅट, एका हातात नारळ घेऊन बाबा तिथे असे उभे होते की मला हसूही आलं आणि चीडही.

नावं आली. त्याच आठवड्यात आली, हेडमास्तरांनी परत खांदे उडवले आणि वर्ग राहिला. आता मी खूश व्हायला हवं होतं. झालेही. पण आत कुठेतरी खुपत होतं, कारण एका आईने शाळेच्या फाटकात मला सांगितलं होतं, "तुझी नोकरी जायला नको म्हणून दिलं गो नाव." मराठीसाठी नाही, माझ्या पोटासाठी! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "नावं आली ना? मग शिकव की, रडतेस काय."

त्या सभेहून परतताना गाडीत मी बाबांना विचारलं होतं, मुद्दाम केलंत ना? माझ्यासाठी? ते रस्त्यावरची नजर न काढता क्रेओलमध्ये म्हणाले, "छे. मला कळत नव्हतं म्हणून विचारलं. आणि अजून तू सांगितलेलं नाहीस." हे खरंच होतं. मी सांगितलं नव्हतं, मला सांगता आलंच नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी नव्या शिक्षकांना चार लोकांसमोर उभं राहायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, मान डोलावणाऱ्याला घाबरा. जो कपाळाला आठ्या घालून बसलाय तो तुमचा माणूस, त्याच्याशी बोला. काही विचारा, आणि विचारलंत तर उत्तर येईपर्यंत गप्प उभे राहा. गप्प उभं राहणं कुणालाच जमायचं नाही. मलाही जमत नाही.

पण त्याआधी, सभा झाली त्याच वर्षाच्या शेवटी, शाळेत पालकांसमोर कार्यक्रम झाला. मी पोरांची "अध्यक्ष महाराज"वाली भाषणं फाडून टाकली होती. सांगितलं होतं, समोर आपलं माणूस शोधा आणि त्याला घरातली एखादी गोष्ट सांगा. बाबा मला गाडीने घेऊन आले होते म्हणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. म्हातारीच्या नातीचा नंबर आला. ती पुढे आली आणि काहीच बोलली नाही. उभीच.

मग तिने मान उंच करून पहिल्या रांगेत बघितलं. "आजी, आयकू येतंय?"

आणि थांबली.

"येतंय गो, बोल!" म्हातारीने खालून हाक दिली आणि सगळे हसले.

पोरगी सांगायला लागली. वादळाच्या रात्री छपराचा पत्रा उडाला आणि आजी तिला न घेता आधी कोंबडीच घेऊन खाटेखाली शिरली, ती गोष्ट. आजी खालून तिला मध्येच दुरुस्त करत होती, कोंबडी नाही, पिल्लं होती. लोक पोट धरून हसत होते. मध्ये पोरगी एका शब्दाला अडली. मला तो शब्द माहीत होता. मी पुढे वाकले आणि तिला ऐकू जाईल असं पुटपुटायला लागले.

माझ्या मनगटावर हात पडला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, त्यांचे डोळे त्या पोरीवर होते.

"गप ऱ्हा गो," ते म्हणाले. "आयकू दे मला."